घर बुडण्याआधी रस्ता बुडतो

ताई, नमस्कार.

आम्ही नॉर्थ डकोटात राहतो, फार्गो आणि ग्रँड फोर्क्स यांच्या मधे. गावात नाही, शेतांमधलं सुटं घर आहे, रेड रिव्हर अर्ध्या मैलावर. नवऱ्याला मोकळी जागा हवी होती आणि शहरातल्या किमती आवाक्याबाहेर, म्हणून दोनेक वर्षांपूर्वी हे घर घेतलं. यंदा बर्फ खूप पडलाय. जो भेटेल तो पुराबद्दलच बोलतो.

मागच्या आठवड्यात शेजारचे आजोबा आले. बीटची शेती करायचे, आता मुलगा बघतो. म्हणाले, "तुमचं घर सगळ्यांत खाली आहे, तेव्हा वाळूच्या पिशव्या तुमच्याकडूनच सुरू करू. शनिवारी माणसं घेऊन येतो." मी आभार मानले, पण नवऱ्याला ते रुचलं नाही. तो म्हणतो, ओळख ना पाळख, लोकांचे उपकार कशाला घ्यायचे? वेळ आली तर पैसे देऊन कंत्राटदार बोलवू. शिवाय घराचा विमा आहे, आणि २००९ च्या मोठ्या पुरातही या घरात पाणी आलं नव्हतं असं आधीच्या मालकानं सांगितलंय.

सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात. बीपी आणि शुगर दोन्ही आहे, गुडघे दुखतात. लेक सात वर्षांचा. मिनिआपोलिसची मामेबहीण म्हणते, सगळे इकडे या. सासूबाई म्हणतात, मुलाला सोडून मी कुठेही जाणार नाही. आणि माझी आई! माहेर सांगलीचं, गावभागातलं. २०१९ ला आई-बाबा वरच्या मजल्यावर अडकले होते, शेवटी बोटीतून बाहेर काढलं. ती रोज फोनवर रडते, आजच्या आज घर सोडा म्हणते. फार्गोतला मराठी ग्रुप म्हणतो, अगं नदीची पातळी तीस फूट म्हणजे इथे काहीच नाही. बाबा म्हणतात, आमच्याकडे चाळीस फुटांना तर नुसता इशारा असतो.

निघायचं की थांबायचं? थांबलो तर या लोकांची मदत कशी घ्यायची, फेडायची कशी? आणि आईला काय सांगू?

– काठावरची

*

प्रिय काठावरची,

सासूबाई आणि लेक आधी निघतील. तुम्ही दोघं मागे राहाल, पिशव्या लावाल, पंप सांभाळाल आणि ठरलेली खूण दिसली की निघाल. ती खूण तुमच्या उंबऱ्यावर शोधू नका. तुमच्या दारापासून मोठ्या रस्त्यापर्यंत जो कच्चा रस्ता येतो, त्याच्यावर शोधा.

नवीन माणसाच्या हे लक्षात येत नाही, कारण पूर म्हटलं की आपण घरात शिरणारं पाणी डोळ्यांपुढे आणतो. फार्गोच्या समोर, नदीपलीकडच्या मूरहेडला मी बरीच वर्षं काढली. तिथल्या आसपासच्या शेतकऱ्यांकडून एक गोष्ट ऐकत आले: घर कोरडं राहतं आणि माणसं बेट होऊन बसतात. त्या खोऱ्यात कितीतरी शेतघरांना चहूबाजूंनी मातीचा बांध घातलेला असतो. आत अंगण सुकं, चूल पेटलेली, आणि बाहेर मैलोन्मैल पाणी. किराणा आणायचा तर ट्रॅक्टर किंवा होडी. तरण्याताठ्या माणसाला हे जमतं, काही जणांना तर त्यात मजाही वाटते. पण रात्री दोन वाजता सासूबाईंची शुगर उतरली तर अँब्युलन्स तुमच्या दारात कुठून येणार? आधीच्या मालकाला फोन करून एवढंच विचार: २००९ ला घरात पाणी आलं नव्हतं, की येऊ दिलं नव्हतं? आणि रस्ता किती दिवस पाण्याखाली होता? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा शेजारच्या आजोबांकडे निघेल.

ही नदी वागते कशी ते थोडं सांगते, म्हणजे पुढचं पटेल. रेड उत्तरेला वाहते. वाहपेटन-ब्रेकनरिजपाशी सुरू होऊन फार्गो, ग्रँड फोर्क्स, मग कॅनडात विनिपेग आणि शेवटी विनिपेग सरोवर. मार्च-एप्रिलमध्ये दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो, तेव्हा उत्तरेला नदी अजून गोठलेली असते. पाणी पुढे जायला बघतं आणि पुढे बर्फाची बुचं. मग मागे फूग येते. तुझ्या माहेरी हे समजावून सांगावं लागणार नाही. पंचगंगेला कृष्णेची फूग येते ती त्यांनी आयुष्यभर पाहिली आहे, इथे ती बर्फामुळे येते इतकंच. त्यात जमीन परातीसारखी सपाट. हे सगळं खोरं म्हणजे हिमयुगाच्या शेवटी असलेल्या ॲगासी नावाच्या प्रचंड सरोवराचा तळ आहे. नदीला उतार नाही म्हणावा इतका कमी, आणि खालची माती गोठलेली, ती पाणी पीत नाही. त्यामुळे पाणी धावत येत नाही, पसरतं. आणि लवकर उतरत नाही, कधी कधी आठवडेच्या आठवडे बसून राहतं.

तुमच्यासारख्या सुट्या घराला आणखी एक भानगड असते. पाणी नदीच्याच बाजूने येईल असं नाही. मागच्या शेतांतला बर्फ वितळतो, मैलामैलावरचे सरळ रस्ते त्याला बांधासारखे अडवतात, रस्त्याखालच्या मोऱ्या बर्फाने बुजलेल्या असतात, आणि एक चौकोन भरला की पाणी रस्त्यावरून पुढच्या चौकोनात उतरतं. नदी अजून पात्रात असताना तुमचा रस्ता जाऊ शकतो. म्हणून आजोबांना शनिवारच्या आधीच गाठ आणि विचार की आपल्या रस्त्याचा कुठला तुकडा पहिल्यांदा बुडतो. त्यांना नक्की ठाऊक असणार. तिथे कडेला एक उंच काठी रोवा, तिला रंगीत पट्टी बांधा. पाणी रस्त्याच्या कडेला टेकलं की तुम्ही दोघं गाडीत. रस्त्यावरून पाणी वाहायला लागेपर्यंत थांबायचं नाही. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी ओढून नेतं, आणि खालचा रस्ता शिल्लक आहे की खचलाय ते वरून दिसत नाही.

जाण्याची वाटही आत्ताच ठरवा. मिनिआपोलिसला जायचं तर कुठेतरी रेड ओलांडावीच लागणार. तुमच्या जवळचे लहान पूल आणि त्यांना जोडणारे रस्ते आधी बंद होतात. फार्गोला जाऊन आय-९४ महामार्ग धरणं बरं, पण फार्गोपर्यंतचा आय-२९ सुद्धा मोठ्या पुरांत काही टप्प्यांवर बंद ठेवावा लागला आहे. मुळात कमी पाण्यात निघालात तर यातलं काहीच आडवं येत नाही.

आता फुटांचा घोळ. बाबांचे चाळीस फूट सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचे. तिथे चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि २०१९ ला पाणी सत्तावन्नच्या वर गेलं. फार्गोची पट्टी वेगळी आणि तिचा शून्यही वेगळा. तिथे अठरा फुटांना पूर म्हणतात आणि तीसला मोठा पूर. २००९ चा ४०.८४ फूट हा फार्गोचा आजवरचा उच्चांक आहे. दोन नद्यांचे फूट शेजारी ठेवून बाबांनी धीर दिला हे प्रेमाचं झालं, उपयोगाचं नाही. मराठी ग्रुपला तीस फूट किरकोळ वाटतात, कारण ते शहरात राहतात. २००९ नंतर फार्गोनं कायमचे बांध घातले, नदीकाठची कितीतरी घरं विकत घेऊन पाडली, आणि शहराला वळसा घालणारा तीस मैलांचा कालवाही फार्गो-मूरहेडसाठी आखला. तुम्ही त्या सगळ्याच्या खालच्या अंगाला, बांधाबाहेर. शिवाय फार्गोच्या पुढे शायेन नदी रेडला मिळते, म्हणजे तुमच्यापर्यंत येणारं पाणी फार्गोच्या आकड्यात पुरतं मोजलेलंच नसतं. तुमच्या भागासाठी हॅलस्टॅडच्या पुलाचा आकडा बघा. नॅशनल वेदर सर्व्हिस, म्हणजे इथलं हवामान खातं, तो रोज देतं. आणि हॅलस्टॅडला कितीवर आपला रस्ता जातो, हे आजोबांकडून वहीत लिहून घ्या.

तो आकडाही शपथपत्र समजू नका. ग्रँड फोर्क्सला १९९७ मध्ये काय झालं ते तुमच्याकडे प्रत्येकाला पाठ असेल, पण नवऱ्यानं ते एकदा आजोबांच्या तोंडून ऐकावं. त्या हिवाळ्यात आठ हिमवादळं झाली, शेवटचं तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. ४९ फुटांचा अंदाज होता. शहरानं ५२ पर्यंत तयारी केली आणि तीन फूट हाताशी ठेवलेत म्हणून लोक निर्धास्त होते. नदी ५४.३५ वर जाऊन थांबली. ग्रँड फोर्क्स आणि पलीकडचं ईस्ट ग्रँड फोर्क्स मिळून पन्नास हजारांच्या आसपास माणसांना घर सोडावं लागलं. महापौर पॅट ओवेन्स यांनी गल्लीगल्लीनं शहर रिकामं करवलं. त्यातच मुख्य बाजारात आग लागली आणि अकरा इमारती जळाल्या. चारी बाजूंना पाणी, आणि बंब आगीपर्यंत पोचेनात. लोकांचा राग नंतर हवामान खात्यावर निघाला. माझं मत विचारशील तर खात्याइतकाच दोष ऐकणाऱ्यांचाही होता. ४९ हा अंदाज होता. लोकांनी ती हमी मानली. त्यानंतर वेदर सर्व्हिसनं एकच आकडा सांगण्याऐवजी इतकी पातळी गाठण्याची शक्यता किती टक्के, असं सांगण्यावर भर दिला. तुम्ही यंदाचा अंदाज बघताना तेच टक्के बघा, आणि पन्नास टक्क्यांच्या रकान्यापाशी थांबू नका, दहा टक्क्यांचाही वाचा. तुमचं घर त्या दहा टक्क्यांत बसत असेल तर तयारी त्याच पातळीची.

उलटंही घडतं. २००९ च्या मार्चमध्ये फार्गोला अंदाज ४३ फुटांपर्यंत चढवला होता, इस्पितळातले रुग्ण हलवले गेले. पाणी २८ मार्चला ४०.८४ वर थांबलं, कारण ऐनवेळी कडाक्याची थंडी पडली आणि वितळणं मंदावलं. ती थंडी आम्हाला वाचवत होती आणि छळतही होती. उघड्यावर ठेवलेल्या पिशव्या गोठून दगड झाल्या. गोठलेली पिशवी शेजारच्या पिशवीत रुतत नाही, फटी राहतात, आणि फटींतून पाणी. तेव्हा तुमच्या पिशव्या भरून झाल्या की गरम शेडमध्ये किंवा गॅरेजमध्ये ठेवायची सोय आधी बघा. आजोबांना हे सांगायची गरज नाही, पण तुमच्या गॅरेजातल्या गाड्या बाहेर काढून जागा केलीत तर ते खूष होतील.

आता नवऱ्याचे मुद्दे. हे त्याला वाचून दाखव.

घराचा विमा पुराला चालत नाही. अमेरिकेतल्या नेहमीच्या घरविम्यात पूर नसतो. पुराची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते, बहुतेक जण फेमाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती खात्याच्या, राष्ट्रीय पूरविमा योजनेतून घेतात, आणि ती लागू व्हायला साधारण तीस दिवस जातात. नदी फुगते मार्चअखेर ते एप्रिलमध्ये. हिशेब त्यालाच करू दे. १९९७ ला ग्रँड फोर्क्समध्ये पुराचा विमा असलेली घरं थोडीच होती. त्या योजनेत घराला अडीच लाख डॉलरपर्यंत आणि सामानाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं, पण तळघराचं फार थोडं धरतात: भट्टी, पाण्याचा हीटर वगैरे धरतील, तिथला गालिचा, सोफा, भिंतींची सजावट धरत नाहीत. सांडपाणी उलटं वर येणं हेही वेगळं कलम आहे, ते घरविम्याला जोडून घ्यावं लागतं. उद्या सकाळी एजंटला फोन करा. या पत्रातलं एकच काम पुढे ढकलता येण्यासारखं नसेल तर ते हेच.

कंत्राटदाराचं म्हणशील, तर पाणी चढायला लागलं की मातीचा प्रत्येक ट्रक शहरं आणि काउंटी आधीच अडवून ठेवतात. त्यातून बर्फ वितळायला लागला की तिकडच्या रस्त्यांवर वजनाची मर्यादा लागते, कारण खालची माती मऊ पडते. भरलेला डंपर तुमच्या कच्च्या रस्त्यावर येणार नाही. पैसे हातात धरून उभं राहायची वेळ येईल.

आणि उपकार. हा खरा प्रश्न आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही, कारण आपण सगळे तसेच वाढलो. कुणाचं ओझं नको, घेतलं तर दामदुप्पट परत करायचं. पण आजोबांनी तुमच्यापासून सुरुवात का केली ते बघ. तुमचं घर सगळ्यांत खाली आहे. त्या बाजूने पाणी आत घुसलं तर पुढच्या घरांचे बांध मागून ढिले होतील. पिशव्यांची ओळ तिच्या सगळ्यांत खालच्या जागेइतकीच कामाची असते आणि ती जागा तुमच्या अंगणात आहे. ते तुमच्यावर दया करत नाहीयेत, स्वतःचं घर वाचवतायत आणि तुम्हाला त्यात धरतायत. नवऱ्यानं नको म्हटलं तर ते सभ्यपणे परत जातील आणि त्यांच्या ओळीत एक भोक राहील.

त्या खोऱ्यात ही मदत कुणी वहीत लिहून ठेवत नाही. २००९ ला फार्गोडोममध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या बंदिस्त स्टेडियममध्ये, शाळा-कॉलेजची पोरं, कैदी, म्हातारे, कुठून कुठून आलेली माणसं पाळ्या लावून पिशव्या भरत होती. काही दिवसांत लाखो भरल्या. कुणी कुणाचं नाव विचारत नव्हतं. १९९७ नंतर तर एका बाईनं नाव न सांगता दीड कोटी डॉलर दिले, ग्रँड फोर्क्स परिसरातल्या पूरग्रस्त घरांना प्रत्येकी दोन हजार. लोक तिला नुसतं 'एंजल' म्हणायचे. पत्रकारांनी नंतर शोधून काढलं की त्या जोन क्रॉक, मॅकडॉनल्ड्सवाल्या रे क्रॉक यांच्या पत्नी. मला विचारशील तर पत्रकारांनी तेवढं एक कुतूहल आवरायला हवं होतं.

तेव्हा शनिवारी नवऱ्यानं बूट चढवून ओळीत उभं राहायचं, पाकीट काढायचं नाही. पैसे पुढे केलेस तर आजोबा दुखावतील. तू चहा कर, मोठ्या पातेल्यात, आलं घालून, थर्मासमध्ये भरून बाहेर ने. त्या थंडीत दूध-साखरेचा गरम चहा नाकारणारा माणूस मी अजून पाहिला नाही. सोबत पोहे किंवा उपीट, मिरची जपून. कुणाला तिखट बाधलं तर हातातली पिशवी सुटायची. (त्या लोकांचं स्वतःचं खाणं येईलच, बटाट्याच्या टेटर टॉट्स घातलेली हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेला एका भांड्यातला पदार्थ, आणि गोड बार. आनंदानं खा.) आणि तुमच्याकडचं झालं की दुसऱ्या घरी दोघंही जा, न बोलावता. झाली फेड.

कामाचं तंत्र थोडक्यात, म्हणजे नवरा पहिल्याच दिवशी टीकेचा धनी होणार नाही. पिशवी अर्धी ते दोन तृतीयांशच भरायची. ठासून भरली तर ती बसत नाही. तोंड बांधायची गरज नसते, दुमडून खाली दाबायचं. लांबी पाण्याच्या प्रवाहाच्या दिशेनं, विटांसारखा सांधा चुकवून रचायचं, प्रत्येक थर पायानं तुडवायचा. पाया उंचीच्या तिप्पट रुंद, म्हणजे तीन फुटी बांधाला नऊ फूट. पाण्याकडच्या बाजूला प्लॅस्टिक. शंभर फूट लांबीचा तसा बांध हजारोंनी पिशव्या खातो आणि भरलेली एकेक पिशवी पंधरा-सोळा किलोची, म्हणून माणसांची साखळी लागते आणि म्हणून एकट्या नवऱ्याचा तो घास नाही. नॉर्थ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीच्या कृषी विस्तार विभागाची याबद्दलची पत्रकं फार चांगली आहेत. त्याला वाचायला दे, इंजिनिअर माणसाला आकृती दिसली की तो शांत होतो.

बांधातून पाझर येतोच. आतल्या बाजूला पंप लागतो आणि पंपाला रात्रीचं माणूस लागतं. वीज गेली तर जनरेटर. तो गॅरेजात किंवा तळघरात कधीच लावायचा नाही, त्याचा धूर माणसं मारतो. घराबाहेर प्रोपेनची टाकी असेल तर ती जमिनीला बांधून घ्या. पाण्यात टाकी तरंगते आणि नळी तुटते. तळघरातल्या फरशीच्या मोरीला बूच किंवा उभा पाइप बसवा. तुझ्या आजीची भांडी, पैठण्या, फोटोंच्या पेट्या, पासपोर्ट, सगळं या आठवड्यातच वर आण. तळघर रिकामं झालेलं बघून तुझी झोपही सुधारेल.

सासूबाईंना कसं समजवायचं ते अवघड आहे, कबूल. "तुम्हाला पाठवतोय" असं म्हणू नकोस. नातवाला कुणीतरी सांभाळायला हवं, मामेबहीण नोकरीला जाते, तुम्ही गेलात तर आमचा जीव भांड्यात पडेल, असं सांग. ते खरंही आहे. मुलाला सोडून जाणार नाही म्हणणारी बाई नातवासोबत जाते. त्यांची औषधं महिनाभराची बरोबर दे, प्रवासविम्याचे कागद आणि पासपोर्टही. लेकाच्या शाळेला आत्ताच कळव. पुराच्या बातम्या चढायची वाट न बघता मार्चच्या मध्यापर्यंत त्यांना पोचवून ये. रस्त्यावर बर्फ असतानाच गेलेलं बरं, पाणी असताना नाही.

आई रडते त्याला मी भीती म्हणून बाजूला सारणार नाही. २०१९ ला सांगलीत किती माणसं उशिरा निघाली, ते तिनं डोळ्यांनी पाहिलंय. ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला बोट उलटली, त्यात पाण्यातून बाहेर पडायला निघालेलीच माणसं गेली. "आजच्या आज निघा" हे तिचं म्हणणं दिवसांच्या हिशेबात चुकतंय, पण उशिरा निघणं जिवावर बेततं हे तिला तुझ्या नवऱ्यापेक्षा जास्त कळतं. तिला धीर देऊ नकोस, माहिती दे. सांग की इथे पाऊस कोसळून धरणं उघडल्यासारखं एका रात्रीत होत नाही, बर्फ वितळायला वेळ लागतो, आठवडे आधी अंदाज येतो. सांग की सासूबाई आणि पोर अमुक तारखेला निघतायत, आम्ही रस्त्यावर खूण लावली आहे, बोटीची वेळ येऊ देणार नाही. त्या काठीचा फोटो तिला रोज पाठव. बाबांना हॅलस्टॅडचा आकडा कसा बघायचा ते शिकव. आयर्विनवर आयुष्य काढलेला माणूस आहे, चार दिवसांत तुझ्यापेक्षा चांगला वाचेल आणि फुटांची तुलना आपोआप थांबेल.

शेरिफनं निघा म्हटलं तर काठी, पट्टी, पंप सगळं सोडून निघायचं, त्यावर चर्चा नाही. आजोबा थांबले म्हणून आपणही थांबू, असंही नाही. त्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे आणि साठ-सत्तर वर्षांची ओळख आहे त्या पाण्याशी.

परतल्यावरचंही लिहून ठेवते, तेव्हा शोधत बसायला नको. आत शिरण्याआधी घराचे सगळ्या बाजूंनी फोटो, विम्यासाठी. तळघरात पाणी असेल आणि ते विजेच्या खटक्यांपर्यंत पोचलं असेल तर वीज बाहेरून तोडल्याशिवाय पायरी उतरायची नाही. पाणी एकदम उपसू नका. बाहेरची माती पाण्यानं फुगलेली असते आणि आतला दाब गेला की भिंत आत ढासळते. फूटभर उपसा, भिंतीवर खूण करा, रात्रभर थांबा, पाणी पुन्हा खुणेवर आलं तर अजून थांबा. भिजलेला गालिचा आणि प्लास्टरबोर्ड दोन दिवसांत बुरशी धरतो, तो वाचवायच्या नादी लागू नका. पुराच्या पाण्यात सांडपाणी आणि शेतातली रसायनं असतात, हातमोज्यांशिवाय काही उचलू नका. सेप्टिक टँकभोवतीची जमीन निथळेपर्यंत घरात पाणी कमीत कमी वापरा. आणि बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. नमुना कुठे द्यायचा ते काउंटीचं आरोग्य खातं सांगतं. तो अहवाल येईपर्यंत सासूबाईंना आणि लेकाला मिनिआपोलिसलाच राहू दे.

– ताई